पाव चमचा दूध

१ जून

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, गुडघा तेवढा कुरकुरला. अठरा दिवसांत तुझ्या बाबांनी कुंडीतली दोन झाडं वाळवून दाखवली आहेत. विचारलं तर म्हणाले, त्यांना पाणी नकोच होतं.

तुझी बटण डोळ्यांसमोरून हलत नाही. अडीच वर्षांची पोर, पण निघताना माझी एक चप्पल सोफ्याखाली सारून वर निवांत बसली होती. जावईबापू बाहेरगावच्या कामावर, पाळणाघर बंद, म्हणून तू मला बोलावलंस. माझी मात्र चैन झाली.

आता मुद्द्याचं. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच तोडतेस. आधी सगळं वाच, मग काय ते बोल. बटणला दूध चालतं. मी पाजलंय. तिसऱ्या दिवशी कुस्करलेल्या बटाट्यात पाव चमचा घातलं. काही झालं नाही. मग अर्धा, मग एक. शेवटच्या दिवशी अर्धा कप गटागटा प्यायली आणि वर ओठांवरच्या मिशा मला दाखवल्या. एक दिवस कानामागे जरा लाल झालं होतं, गार पाण्याने पुसल्यावर गेलं. बाकी काही झालं नाही.

तुझ्या त्या फ्रिजवरच्या याद्या, लाल झाकणाचे डबे, निळ्या झाकणाचे डबे, दारातच हात धुवा, साडी बदला, सगळं काढून टाक आता. डॉक्टर लोक घाबरवतात, त्यांचा धंदा आहे. लेकराला मोकळं कर. पुढच्या वेळी आले की अंड्याचंही असंच हळूहळू बघू.

जावईबापूंना आशीर्वाद. बटणचे दोन्ही गाल माझ्या वतीने ओढ. माया आहेच, ती तुझ्याकडूनही येत राहो.

तुझी,
आई

६ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हात सवयीने लिहून गेला म्हणून वरची ओळ तशीच ठेवली आहे. नमस्कार करावा असं आज मनात नाही.

तुझं पत्र मी कामावर, जेवणाच्या सुट्टीत उघडलं. पाठ टेकायला भिंत होती हे बरं झालं. सोबतचा मेकॅनिक विचारत होता, घरचं कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, थोडक्यात वाचलं.

अकरा महिन्यांची असताना तिने दह्याचं एक बोट चाटलं होतं. आठवतं? अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजून उलटे झाले, आणि रडण्याचा आवाज बारीक बारीक होत गेला. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा ती रडतही नव्हती. त्या दिवशी तू फोनवर माझ्याइतकीच रडलीस. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. तुझ्यावर आहे.

त्या अठरा दिवसांतले तेरा दिवस मी एका चौदा मजली इमारतीतल्या लिफ्ट तपासत होते. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहून काम चालतं, तिथे फोन लागत नाही. हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माझा फोन लागणार नाही हे ठाऊक असताना तू घराचं दार लावून माझ्या मुलीच्या बटाट्यात दूध कालवत होतीस, आणि मी घरी आले की विचारत होतीस, दमलीस का गं.

काही झालं नाही, हे तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. आई, माझं कामच हे आहे. दोर झिजलेली लिफ्टसुद्धा रोज वर-खाली जाते. माणसं आत आरशात बघून केस नीट करत असतात. ती आज पडली नाही एवढ्यावर मी तिला पास करत नाही. तूही एकतीस वर्षं डेअरीच्या काउंटरवर बसलीस. नमुना काढल्याशिवाय एक कॅन आत घेतला नाहीस. शेतकरी भांडायचे, तरी नाही घेतलास. मग माझ्याच मुलीच्या बाबतीत अंदाजपंचे का?

कानामागे लाल कधी झालं? किती चमचे दिले होतेस? डॉक्टरबाईंना सांगावं लागेल. तारीख आणि माप लिहून पाठव, बाकी काही लिहू नकोस. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मग मीच माफी मागून मोकळी होते. या वेळी मागणार नाही.

तूर्तास येऊही नकोस. बाबांना नमस्कार.

धाकटी

१२ जून

चि. धाकटी हिस,
आशीर्वाद.

बाकी काही लिहू नकोस असा हुकूम आहे, तरी लिहिते. तारखा माझ्या ध्यानात नाहीत.

मला डेअरी शिकवतेस? त्याच डेअरीच्या पगारावर तू शिकलीस. आमच्या घरात दूध उतू जायचं इतकं होतं, आणि नात दुधाच्या थेंबाला भ्यायची. मी आले त्या दिवशी, आठ तासांचा प्रवास करून, तू मला दारातच थांबवलंस. आधी हात धुवायला लावलेस, मग साडी बदलायला लावलीस, मग माझी पिशवी उलटी करून बघितलीस. मी काय विष घेऊन आले होते? एवढ्याशा पोरीनेही मला दुरूनच विचारलं, आजी, हात धुतले? माझ्या हातचं तिला काही चालत नाही, हे रोज आठ तास मी कसं सोसलं ते माझं मला माहीत.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला सांगितलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा वाढदिवस होता. तू दिलेला डबा घेऊन मी तिला नेलं. सगळी पोरं केकभोवती, आणि ही कोपऱ्यात आपल्या डब्याचं झाकण चाटत बसली. मागितलं नाही, रडली नाही. अडीच वर्षांच्या पोरीने हट्टसुद्धा करू नये? ते मला बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी पाव चमचा घातला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मी येणार नाही. काळजी नको.

आई

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या आईला न सांगता टाकतो आहे. तारखा ध्यानात नाहीत असं तिने लिहिलं, ते खरं नाही. डेअरीची सवय जाते का? तुझ्याकडच्या कॅलेंडरचं जुनं पान तिने आणलं आहे. त्याच्या मागे तारीख, वेळ, माप, सगळं ओळीने लिहिलेलं आहे. ते पान तिच्या कपाटातून काढून सोबत जोडलं आहे.

१९ मेची ओळ नीट वाच. दीड चमचा, कानामागे लाल, दोनदा खोकला, वीस मिनिटं. त्या दिवशी दुपारी तिने मला फोन केला होता. सगळं सांगितलं. मी म्हणालो, आता थांबव, आणि धाकटीला सांगू नकोस, तिचं डोकं कामावर ठिकाणावर राहायला हवं, ती उंचावर असते. ती तीन दिवस थांबली. २३ मेपासून पुन्हा दिलं, ते मला ती घरी आल्यावर कळलं.

म्हणजे माझाही दोष आहे. तो मी आधीच लिहायला हवा होता. तुझं रागाचं पत्र तुझी आई वाचत होती तेव्हा मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. तुझ्या रागात मलाही धर.

बाबा

२७ जून

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना आहे. आई, ते पान बाबांनी मला पाठवलं. त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांचं मी बघते.

बाबा, मी उंचावर असते म्हणून मला सांगायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत. मी सुरक्षेचा पट्टा लावून उभी असते. बटणला कुठला पट्टा होता? तुम्ही त्याच दुपारी ऑफिसला एक फोन केला असता तर मी अर्ध्या तासात घरी पोचले असते. तुम्ही शांत माणूस म्हणून सगळे तुमचं कौतुक करतात. मीही करायचे.

ते पान मी डॉक्टरबाईंना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे घरी झालं? मग म्हणाल्या, खोकला दुधाने आला की तिला सर्दी होती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण दुधाने आला असेल तर पुढच्या चमच्याला काय झालं असतं, तेही कोणाला सांगता येणार नाही. त्यांनी रक्त तपासलं आणि लवकरची तारीख दिली. परवा सकाळपासून आम्ही दवाखान्यात होतो. शेजारी नर्स, हाताला यंत्र, दर वीस मिनिटांनी मोजून दूध. चार तासांत ती पूर्ण पेला प्यायली. काही झालं नाही.

दूध तिला चालतं. आई, तुझं खरं निघालं. हे मी लिहून देते, म्हणजे तुला कोणाला दाखवायचं असेल तर दाखवता येईल.

आणि आता पुढचं वाच. त्याच रक्ततपासणीत अंड्याच्या अ‍ॅलर्जीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दुप्पट झाला आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याचा कणही पोटात जाता कामा नये. अंड्याचंही असंच हळूहळू बघू, हे तुझंच वाक्य आहे. पाव चमचा घेऊन तू तेवढ्याच विश्वासाने आली असतीस.

दूध चाललं म्हणून माझा राग कमी व्हायला हवा होता, असं तुझा जावईही म्हणतो. माझा वाढला. दीड वर्ष मी प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली, पाव घेण्याआधी दुकानदाराला दहा प्रश्न विचारले, लोकांच्या घरी जाणं सोडलं. तिने पेला रिकामा केला तेव्हा नर्सने टाळ्या वाजवल्या. ती बातमी मला तुला द्यायची होती, आई. फोन करून, ओरडून. ती तू आधीच चोरून घेतली होतीस. मी तिथे बसून नुसती हिशोब करत राहिले की १९ मेला दुपारी मी कितव्या मजल्यावर होते.

यापुढे तुमच्या दोघांपैकी कोणाहीजवळ मी तिला एकटी ठेवणार नाही. किती दिवस, ते मला माहीत नाही.

लोभाचं काय लिहावं ते कळत नाही, म्हणून जागा मोकळी सोडते.

धाकटी

४ जुलै

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा भांडायला मुद्दे शोधत होते.

१९ मेचं सांगते. हे तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. ती खोकली तेव्हा, श्वास अडकला तर टोचायचं म्हणून तू कप्प्यात ठेवलेलं इंजेक्शन मी हातात घेतलं. टोपण काढलं आणि कळेना की टोचायची बाजू कुठली. तू दाखवलं होतंस, तेव्हा मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, याची काय गरज पडते. घाईत मी ते माझ्याच बोटात मारून घेतलं असतं. ती माझ्याकडे बघत होती. खोकला आपोआप थांबला. मी काही केल्यामुळे नाही.

मग तीन दिवसांनी पुन्हा का दिलं, हे तू विचारलं नाहीस, पण मी स्वतःला विचारलं. थांबले असते तर मी नातीच्या जिवावर उठलेली बाई ठरत होते. अर्ध्या कपापर्यंत पोचले की शहाणी ठरणार होते. म्हणून दिलं. तेव्हा वाढदिवस, केक, झाकण काही डोक्यात नव्हतं. मला बरोबर ठरायचं होतं. त्यासाठी मी तिला पाजत राहिले.

हे लिहायला तीन दिवस लागले. माफ कर असं लिहून ते पान फाडलं, कारण तू लगेच म्हणाली असतीस, जाऊ दे. जाऊ देऊ नकोस.

आमच्याजवळ तिला एकटी ठेवणार नाहीस, हे योग्य आहे. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. तू घरी असशील तेव्हा दोन तास येऊन बसू का, एवढंच विचारते. स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. नाही म्हणालीस तरी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण तुला कळवणार नाही.

इथून माया आहे तेवढीच आहे.

आई

१० जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आजचा नमस्कार मनापासून लिहिला आहे, पण त्यावरून फार काही समजू नकोस.

तू खरं लिहिलंस म्हणून राग कमी झाला, आणि ते इंजेक्शनचं वाचून पुन्हा तेवढाच चढला. टपावर उभी असताना मधेच आठवतं आणि हातातला पाना खाली ठेवावा लागतो. तुझा जावई म्हणतो, थोडे दिवस जाऊ दे, शांत झालीस की बोलाव. मी शांत होईन असं मला वाटत नाही. राग संपायची वाट बघत बसले तर बटण शाळेत जायला लागेल, आणि तिला आजी म्हणजे फोनमधली एक बाई एवढंच माहीत असेल.

दर गुरुवारी मला सुट्टी असते. बुधवारी रात्रीच्या गाडीने ये, बाबांनाही आण. दारात हात धुवावे लागतील, पिशवी मी बघेन, आणि दिवसभर मी कदाचित धड बोलणार नाही. तरी ये.

धाकटी