शिशाच्या दोन विटा

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अत्यंत खेदपूर्वक कळवावे लागते, की तू धाडलेले फ्लाइंग क्लबचे दप्तर मंगळवारी दुपारी पोचले आणि बुधवारी संध्याकाळी उघडले. मधला काळ आम्ही उभयतांनी त्या गाठीशी झुंजण्यात घालवला. ग्लायडर ओढायच्या दोराने वह्या बांधणारी व्यक्ती या पृथ्वीतलावर तू एकटीच असावीस. कात्रीची धार गेली, माझे एक नख गेले, आणि अखेर तुझ्या भावजयीने स्क्रूड्रायव्हर घालून विजय मिळवला. या प्रसंगाची नोंद क्लबच्या इतिहासात व्हावी, अशी माझी लेखी मागणी आहे.

आता इतिहासाबद्दल. एप्रिलात क्लबला चाळीस वर्षं होतात म्हणून स्मरणिका हवी, हे समजलं. पण ती लिहायला मुलांना संस्कृत शिकवणारा आणि जमिनीवर अत्यंत सुखी असलेला धाकटा भाऊच का हवा, हे काही समजलं नाही. तरी पहिलं प्रकरण उरकलं. एक घड्याळजी, एक सुतार आणि एक दातांचा डॉक्टर अशा तिघांनी मोडीतल्या ट्रकच्या इंजिनाचं विंच बनवलं आणि त्याच्या दोराने पहिलं ग्लायडर पतंगासारखं वर ओढलं, इथवर आलोय. तिसऱ्या वर्षी वादळात हँगरचं छप्पर उडून पलीकडच्या शेतात पडलं. त्या वर्षीचं सर्वांत लांबचं उड्डाण तेच, असं मी लिहून टाकलंय. खोडायचं असेल तर आत्ताच सांग.

एक शंका आहे. उड्डाणवहीत काही नावांपुढे पेन्सिलीने छोटे चौकोन काढलेत. तुझ्या पहिल्या एकटीच्या उड्डाणापुढे तर दोन आहेत. ही शिक्षा होती की बक्षीस?

शंकानिरसन सत्वर व्हावे, आणि लोभ आहे तेवढा तरी टिकावा, ही विनंती.

तुझा,
शास्त्रीबुवा


ता. १७ जानेवारी

चि. शास्त्रीबुवास,
अ. आ.

नख पुन्हा येतं, रडू नकोस. कात्री मात्र भावजयीला नवी आणून दे.

छपराचं वाक्य ठेव. सुतारकाका असते तर पोट धरून हसले असते. पण छप्पर त्यांनीच ठोकलं होतं, त्यामुळे कदाचित नसतेही हसले.

चौकोन म्हणजे शिशाची वीट. ग्लायडरच्या पुढच्या आसनावर किमान पंचावन्न किलो वजन लागतं. माणूस त्याहून हलका असला की नाक वर जातं आणि मग ते कुणाचं ऐकत नाही. म्हणून आमचा विंचवाला उड्डाणाआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतो. त्याच्यापुढे अध्यक्षसुद्धा बूट काढून उभे राहतात. वजन कमी भरलं, की आसनाखाली सहा-सहा किलोच्या विटा अडकवायच्या. एका विटेला एक चौकोन. एकोणिसाव्या वर्षी मी चव्वेचाळीस किलो होते, मग दोन विटा नकोत का? पुढे चाळिशीनंतर माझं शिसं मी अंगावरच बाळगायला लागले. विटांचा आणि माझा संबंध तिथेच संपला.

आणि इतिहास लिहितोच आहेस, तर बारा वर्षांच्या एका प्रवाशाबद्दलही लिही. मी त्याला मागे बसवून वर नेलं होतं. दोर सुटला की वर इतकं शांत होतं, की खालचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. त्या शांततेत हा मुलगा डोळे घट्ट मिटून विभक्तिप्रत्यय म्हणत होता. उतरेपर्यंत सप्तमीचं अनेकवचनही झालं होतं.

एप्रिलातलं पहिलं उड्डाण मी करायचं ठरलंय. एकटीने. तू मैदानावर हवास, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून.

अलीकडच्या दहा वर्षांच्या वह्या सोबत धाडते आहे. तुझ्या बोटांची दया येऊन गाठ सैल मारलीय.

दोघांनाही आशीर्वाद. भांडत जा, पण जेवण झाल्यावर.

तुझी,
ताई


ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाठ हात लावताच सुटली. तक्रारीला जागाच न ठेवल्याबद्दल निषेध नोंदवायचं मनात होतं.

तुझं पाच तास एकोणीस मिनिटांचं उड्डाण चौथ्या प्रकरणात घातलंय. विभक्तिप्रत्ययांचा मजकूर संपादकांनी जागेअभावी गाळला आहे.

वह्या मी शेवटून वाचतो. खोड जुनी आहे, गोष्टींची पुस्तकंही मी तशीच वाचतो. गेल्या ऑगस्टपर्यंत तुझ्या नावापुढे काही नाही. सप्टेंबरात एक चौकोन आहे. मला वाटलं, विंचवाल्याची ओळ चुकली असेल. नोव्हेंबरपासून मात्र दोन आहेत, आणि एकही उड्डाण त्याला अपवाद नाही. शेवटचे चौकोन त्याने इतके दाबून काढलेत, की पान उलटल्यावर मागून बोटाला लागतात.

चाळीस वर्षांपूर्वीचं ते पान मी शेजारी ठेवून पाहिलं. त्यातही तुझं नाव आणि दोन चौकोन. तेव्हा तू वाढत होतीस.

डिसेंबरात आलीस तेव्हा दोन स्वेटर घालून बसली होतीस, आणि मी तुझ्या जाडीवरून बोललो होतो. ते शब्द मागे घेतो. भावोजी गेल्यापासून तू एकटी राहतेस, समोर ताटावर बसून बघणारं कुणी नाही, म्हणून तुझं वजन मला पेन्सिलीच्या खुणांवरून कळतं. तू वह्या न उघडताच बांधल्यास, की मी वाचावं म्हणूनच पाठवल्यास, हे मला ठरवता येत नाही. तुझ्या स्वभावात दोन्ही बसतं.

विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून विचारत नाही, कळवतो. रविवारी सकाळच्या गाडीने निघतोय. सोमवारी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. दातांच्या नव्हे. विंचवाल्यालाही मी पत्र टाकलंय, की तोवर ताईला काट्यावर उभं करू नकोस आणि वर सोडू नकोस. त्याचं उलट टपाली उत्तर आलं. एकच ओळ होती, की तो सप्टेंबरपासून कुणीतरी विचारायची वाट बघत होता.

एप्रिलात तू वर गेलीस तर मी डोळे उघडे ठेवून बघेन. नाही गेलीस तर तुझ्याशेजारी गवतावर बसेन. स्मरणिकेचं शेवटचं प्रकरण मी अजून लिहायला घेतलेलं नाही. कागद समोर ठेवतो आणि उठतो.

लोभ तुझा आहेच, तो या खेपेला मागत नाही. ताई, मला भीती वाटते आहे.

तुझा,
धाकटा