विहिरीचा कौल

१२ जानेवारी १९८६
सकाळी देवळाच्या विहिरीत तीन बेडूक उताणे तरंगताना. आमची दोन सोडली तर वाडीतल्या सगळ्यांची आंब्याची कलमं सदूशेठ फवारतो. काल फवारून पंप तिथेच धुऊन गेला. आख्खी वाडी हेच पाणी पिते. हटकले तर म्हणतो, "गुर्जी, बेडूक थंडीनं मेलेत." रत्नागिरीच्या थंडीने. इथे डाससुद्धा मरत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. सदूला तिळगूळ देऊन गोड बोललो, पंप विहिरीवर धुऊ नको. त्याने तिळगूळ खाल्ला आणि पंप धुतला. विषाचा रिकामा डबा पुरावा म्हणून घरी आणला. कवटीचे चित्र ठळक आहे.

१७ जानेवारी
रत्नागिरी. शेतकी कचेरीत पंपाबद्दल अर्ज दिला. साहेबांनी चहा पाजला, अर्ज वाचला नाही. जाताना एक कॅलेंडर दिले. त्यावर पंप पाठीला लावून हसणारा शेतकरी. सौ.ने ते देवघराशेजारी टांगले.

२० जानेवारी
डबा गायब. शोधता शोधता स्वयंपाकघरात सापडला. आत मीठ.
"झाकण काय घट्ट बसतंय बघा. राखेनं तीनदा घासलाय."
"आणि ती कवटी?"
"ती भिंतीकडं केलीय."
तीन दिवस आम्ही तेच मीठ खाल्ले. माझा आवाज चढला. गावाला शहाणपण शिकवत फिरतो आणि माझ्याच घरात... डबा मिठासकट लांब माळावर खोल पुरला. संध्याकाळी सौ. म्हणाली, "तुमच्या अर्जानं काय व्हायचं नाय. कौल लावूया."

२१ जानेवारी
साफ नाही म्हणालो. देवाला दोन पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि त्यावर गावाने चालायचे? शाळेच्या गेल्या संमेलनात याच्याच विरुद्ध मी नाटुकले बसवले होते. दाजी गुरव पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसला होता. कौल लावतो तोच. सौ. परस्पर त्याच्याकडे जाऊन आली.

२६ जानेवारी
झेंडावंदन उरकून सगळे देवळात. दाजीने गाऱ्हाणे घातले, माझ्याकडे बघत बघत. "बा म्हाराजा, गुर्जींचं म्हणणं हाय, पंप हिरीवर धुऊ नये. खरं असंल तर उजवी दे." उजवी लगेच पडली. सदूने कान पकडले. कचेरीचे उत्तर नऊ दिवसांत नाही, देवाचे अर्ध्या मिनिटात.
जिंकलो याची लाज वाटते. आनंदही होतो, खोटे का लिहू.

२ फेब्रुवारी
सदू आता पंप वरच्या पऱ्यात धुतो. त्या ओढ्याचेच पाणी झिरपून विहिरीत येते. विचारले तर, "देव हिरीचंच बोललान, पऱ्याचं नाय." प्रश्नच नीट घातला नव्हता. आणि मी मुलांना सांगतो, प्रश्न नीट वाचा.

५ फेब्रुवारी
आमच्या दोन कलमांच्या मोहोरावर तुडतुडे. पाने चिकट, मोहोर काळा पडतोय. ओल्या पाल्याची धुरी केली. तुडतुडे जागचे हलले नाहीत, शेजारी तेवढे घर सोडून गेले. या दोन कलमांच्या जिवावर थोरलीला चिपळूणला कॉलेजात घालायचे कबूल करून बसलोय. ती रोज मोहोर बघून येते.
सदू कुंपणावरून म्हणाला, "फुकट मारून देतो, गुर्जी. कुणाला कळायचं नाय."
हो म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही.

९ फेब्रुवारी
दुसरा कौल. सौ.चा हट्ट. या वेळी प्रश्न मीच लिहून दिला, पळवाट ठेवली नाही: यंदा वाडीत कुणीच, कुठेच विषारी फवारणी करू नये. दाजीने तो पाठ करून म्हटला.
दोन तास झाले, एकही पाकळी पडत नाही. सदू घड्याळ बघतोय. दाजी म्हणतो, "देव इचार करतोय. कुणी उठायचं नाय." वही पिशवीत होती, म्हणून खांबाला टेकून लिहितोय. थोरली बायकांत बसली आहे, सौ.च्या शेजारी.
मघाशी मी मनातल्या मनात देवाला एक नारळ बोललो. मी, नाटुकलेवाला. कुठल्या पाकळीसाठी बोललो ते इथे लिहीत नाही. ही वही सौ. वाचते.