लांबडीचा चाकू

११ ऑक्टोबर

यंदाही चुकलं असणार! पाटावर दोन्ही बंदुका मांडल्या, झेंडू वाहिला, आणि चाकू ठेवताना हात थांबला. लांब नळीच्या लांबडीशेजारी शिंगाच्या मुठीचा की पितळी? दर खंडेनवमीला हेच. शेवटी पितळी ठेवला, नारळ फोडला. पण मन लागलं नाही. शस्त्रांची पूजा करायची, आणि कोण कुणाचं तेच ठाऊक नाही!

वडील एवढंच म्हणायचे — "ठासणीच्या बंदुकीला तिचा तिचा चाकू असतो. ताटातूट करायची न्हाई." कुठला ते कधी बोलले नाहीत. मी तेव्हा पुण्याला, मार्केट यार्डात हमालीला. वर्षातून दोनदा घरी यायचो.

लांबडी वडिलांची. आखूड आहे ती वरव्याच्या मामांची, नंतर माझ्या परवान्यावर चढली. आणि चाकू? वडिलांचे, मामांचे, शिवाय मी बाजारातून, भंगारातून गोळा केलेले — सगळे एका बिस्किटाच्या डब्यात. घोळ माझाच.

१२ ऑक्टोबर

दसरा. लोक सोनं द्यायला येत होते, आणि पोराने, हनुमंताने, नेमका आजच विषय काढला.

"आण्णा, परवान्याची मुदत संपत आली. तुमचं वय झालं. आता वारस लावा, न्हाईतर बंदुका कायमच्या जमा करा."

मी म्हणालो, "वारस म्हणजे तूच की."

"माझं नाव अजिबात लावायचं न्हाई! इलेक्शन आलं की ठाण्यात न्या, संपलं की आणा. मला ती कामं न्हाई जमायची."

सूनबाईने, सुलक्षणेने, पुरणपोळी वाढली, आग्रहही केला. एक घास गेला नाही. जमा म्हणजे परत येणे नाही. तिथे कुठल्या ढिगात पडतील कोण जाणे. आणि चाकू इथे, डब्यात.

१५ ऑक्टोबर

भोरच्या बाजाराला गेलो. हनीफ धार लावायच्या गाड्याशीच होता. त्याचे चुलते बंदुका दुरुस्त करायचे, म्हणून त्याला विचारलं. लांबडीच्या घोड्याखाली पितळेची पट्टी आहे, तेव्हा चाकूही पितळी मुठीचाच असेल ना?

हनीफ हसला. "दादा, ही काय सोयरीक हाय, रंग बघून जुळवायला?"

मग चाक थांबवून नीट सांगितलं. शिकारी एकच चाकू कमरेला बांधायचा. नळीत दारू ओतली की वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर परत बोळा. ती चिंधी कापायला चाकू. काजळी खरवडायलाही तोच. म्हणजे वापराच्या खुणा बघायच्या, रंग नाही! हे मला आधी का सुचलं नाही?

येताना एसटीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. चाकू घेवड्याच्या शेंगांखाली. कंडक्टर दोनदा पिशवीकडे बघून गेला.

इलेक्शन जाहीर झालं म्हणे. आजच व्हायचं होतं!

१७ ऑक्टोबर

सगळे चाकू ओट्यावर उन्हात मांडले. भिंगातून बघितले. काजळी आहे की नुसता गंज, काही कळेना. शिंगाच्या मुठीच्याला एका बाजूने झीज जास्त. का? कशाला लावून लावून झिजला असेल?

बायको, साळूबाई, मेथीची जुडी घेऊन आली. "अवो, चाकवांची लग्नं लावून झाली असतील तर भाजी निवडा की जरा."

"तुला काय कळतंय त्यातलं!" म्हणालो.

"मला कुठलं कळायला," म्हणाली आणि जुडी माझ्यापुढेच टाकून गेली.

१८ ऑक्टोबर

पोलीस पाटलांचा निरोप — बंदुका चोवीस तारखेच्या आत ठाण्यात. झालं.

१९ ऑक्टोबर

वरव्याला फोन लावला. मामांचा कुंडलिक म्हणाला, "आबांचा चाकू व्हय? मुठीला तांब्याची तार गुंडाळल्याली. आई त्यानं सुपारी फोडायची आन् आबा शिव्या घालायचे!"

डबा उपडा केला. तारेचा चाकू आहे! आखूड बंदुकीचं लागलं एकदाचं. पण लांबडीचं? तिचंच लागायला पाहिजे होतं. वडिलांना ओळखणारं आता गावात कोण उरलंय? सगळ्यांना विचारून झालं.

२१ ऑक्टोबर

जोडी जमली! जमली!

न्यायच्या आधी तेल द्यावं म्हणून बंदुका उतरवल्या. आखूड बंदुकीच्या नळीत तिचा दारू ठासायचा गज सोडला, पार तळाला गेला, वरचं टोक नळीच्या तोंडाबरोबर. मग लांबडीत तिचा गज सोडला, तर तो बाहेरच राहिला! चारेक बोटं वर. ढकललं तरी खाली जाईना. म्हटलं हे काय? आणि एकदम काय वाटलं कुणास ठाऊक — शिंगाच्या मुठीचा चाकू मिटवला आणि गजाच्या वर आलेल्या भागाशेजारी उभा धरला.

बरोब्बर तेवढाच! केसाचा फरक नाही. झीज आहे ती बाजूही गजालाच लागते. आता कोण म्हणेल ही जोडी नाही! मी एकटाच ओट्यावर हसत बसलो. उद्या हनीफला सांगतो. सोयरीक म्हणत होता!

२२ ऑक्टोबर

सकाळीच भोर गाठलं.

हनीफला सगळं सांगितलं. तो आधी हसत होता. मग हसायचा थांबला.

"दादा, गज वर का र्‍हायला?"

"गज लांब असंल."

"लांब न्हाई. खाली कायतरी हाय, त्याच्यावर टेकलाय तो. अवो, भरल्याली हाय ती!"

हनीफने गाडा पोराकडे सोपवला आणि मला मोटरसायकलवर बसवून थेट घरी, मार्गासनीला आणलं. लांबडीच्या नळीत पाणी ओतून ठेवलं. दारू भिजल्यावर टोकाला स्क्रूसारखा पेच असलेल्या गजाने एकेक ओढून काढलं. छर्रे. काळा चिखल. आणि चिंधीचे बोळे — निळ्या लुगड्याचे.

इतक्या इलेक्शनांना ही अशीच ठाण्यात जाऊन आली! इतके दसरे आम्ही हिच्यापुढे उदबत्त्या लावल्या!

"पण भरली कुणी?" मी ओरडलोच. "वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते!"

साळूबाई चहा घेऊन आली. "म्या."

हनीफने कप घेतला तो हातातच राहिला.

"तुमी पुण्याला. बिबट्यानं दोन शेरडं नेली, तिसर्‍या रात्री दाराशी आला. मामंजींनी पडल्या पडल्या शिकवलं. चाकू मिटवून गजाला लाव म्हणाले, बरोबरीनं आला की नीट भरली समजायचं. दोनदा उडवली म्या. तिसर्‍यांदा भरली, तर मेला आलाच न्हाई. मग र्‍हायली तशीच."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंत? भोरला इचारलं, वरव्याला इचारलं. चूल काय लांब व्हती?"

हनीफ तोंड फिरवून हसत होता. तिने चाकू उचलला, अंगठ्याने धार बघितली आणि म्हणाली, "हनीफभाऊ, धार लावून द्या. लई बोथट केलाय ह्यांनी."

२३ ऑक्टोबर

हनुमंत अर्ज भरायला बसला. "आण्णा, जमा असंच लिहू ना?"

"वारस लाव," मी म्हणालो. "आईचं नाव लिही."

आतून भांडी घासायचा आवाज थांबला, आणि साळूबाईने विचारलं, "फोटू लागंल का वो?"