वाळूची गाळणी आणि माझे नाव

बाकू, २३ नोव्हेंबर १९७८

आधी क्षमा मागते. माझा गुरुवारचा वर्ग बंद केला गेला तेव्हापासून मी कोणालाही, अगदी धाकट्या बहिणीलाही, धड काही लिहिले नाही. जे बोलायला हवे होते ते गिळत राहिले. आता उद्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे म्हटल्यावर सगळे एकदम वर येत आहे.

मी, मेहपारा तेयमूर क्यझी साफारोवा, वय सत्तेचाळीस, तेलविहिरींची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यातील आरेखन अभियंता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आलेले गृहस्थ डाळिंबे ठेवून नुकतेच गेले.

कलम १. मी राहते ती खोली सरकारची आहे. ती कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण बहिणीच्या सासूबाई वरचेवर विचारतात, म्हणून हे लेखी उत्तर.

कलम २. बुझोव्ना गावातली वडिलांची बाग, तिथले दोन खोल्यांचे घर, अंजीर आणि द्राक्षवेली माझी धाकटी बहीण तुकेझबान हिला मिळाव्यात. वेली मांडवावर चढवू नयेत. वडील त्या वाळूवरच पसरू देत. उत्तरेचा वारा तिथे मांडव शिल्लक ठेवत नाही, हे तिचा नवरा फायिक याला तीन मांडव पडल्यावरही पटलेले नाही.

कलम ३. बँकेतली बचतही तुकेझबानला. तिने स्वतःसाठी गरम कोट घ्यावा. दिराच्या लग्नात उडवल्यास मी जिथे असेन तिथून नाराज होईन.

कलम ४. आरेखनाची पेटी, मोजपट्ट्या आणि टिपणकार्डांचे सर्व खोके माझी विद्यार्थिनी आणि आता सहकारी रिम्मा हिला.

या कार्डांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्यांची चेष्टा झाली आहे. आम्ही दोघींनी ग्रंथालयात बसून वर्षानुवर्षे जुन्या-नव्या शोधांचे दाखले उतरवून घेतले. त्यावरून दिसते ते असे: यंत्रे मनाला येईल तशी वाढत नाहीत. आधी ती ताठ असतात. मग त्यांना सांधा फुटतो, मग ती लवचीक होतात, मग लोखंडाचे काम पाणी, हवा किंवा चुंबक करू लागतो. यंत्राचा एक भाग पुढे पळतो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि पुढचा शोध बहुधा त्या रेंगाळलेल्या भागातच लागतो. शेवटी यंत्र जवळजवळ उरत नाही, काम मात्र होत राहते. म्हणजे पुढची पायरी कोणती, हे थोडेफार आधी सांगता येते.

गुरुवारी संध्याकाळी कारखान्याच्या क्लबात मी हे शिकवत असे. फिटर येत, दातांचे डॉक्टर येत, एक पावरोटी भाजणारा येई. आमचे विभागप्रमुख जब्राईल मुअल्लिम भर सभेत म्हणाले, "मेहपारा खानुम कॉफीच्या गाळात बघून यंत्रांचं भविष्य सांगतात. पुढच्या गुरुवारी आमच्या पेन्शनचंही बघा!" लोक हसले. महिन्याभरात क्लबाची खोली बुद्धिबळाला दिली.

भविष्य! झाडाला पान आधी येते आणि फळ नंतर, असे म्हणणारा माळी काय ज्योतिषी असतो?

तरीही मी स्वतःला विचारले आहे की आम्ही सोयीचेच दाखले वेचले का. थोडे तसे झाले असेल. म्हणून नियमात न बसणारी कार्डे लाल फितीने बांधून पहिल्या खोक्यात सर्वांत पुढे ठेवली आहेत. रिम्माने ती फेकू नयेत. नियम खरा असेल तर त्याला ती पचतील.

कलम ५. आता गाळणी. आमच्या विहिरींत तेलाबरोबर वाळू येते. तळाची गाळणी तिने बुजते. बुजली की अधिक बारीक आणि अधिक जाड गाळणी बसवायची, एवढेच आजवर चालले होते. कार्डे सांगत होती की पुढची पायरी ताठपणा सोडण्याची आहे. मी स्प्रिंगच्या तारेचा एक सैल पिंजरा केला. मोठे कण आधी अडकतात, त्यांच्यामागे लहान, आणि वाळूच वाळूला गाळते. फार दाटले की पंपाच्या हिसक्याने तार हलते, थर मोकळा होतो आणि पुन्हा बसतो. चाचणीच्या विहिरीत ती न बुजता चालली. ती इतकी हलकी होती की मी बाजाराच्या जाळीच्या पिशवीतून नेत असे.

हाच तिचा गुन्हा ठरला. कारखान्याचे उद्दिष्ट टनांत मोजतात.

जब्राईल मुअल्लिमांनी ती तळहातावर तोलली. "हे काय, खानुम? शेवया गाळायची चाळणी? अशानं वर्षाचं उद्दिष्ट तुमच्या त्या पिशवीत मावेल!"

त्यांनी पिंजऱ्यावर जाड नळीचे कवच डकवले आणि तारा त्याला वेल्डिंगने पक्क्या केल्या. टन भरले. तार आता हलत नाही, वाळू दगडासारखी बसते, आणि वाऱ्यापावसात कामगारांना विहिरीतली सगळी नळी वर ओढावी लागते. गेल्या हिवाळ्यात असे ओढताना दोर तुटला आणि एका माणसाची बोटे गेली. चौकशी झाली. गाळणी निर्दोष ठरली, कारण तिचे वजन मंजूर आराखड्याप्रमाणे होते. हे वाक्य मी स्वतः वाचले आहे, आणि अजून त्यावर शाई ओतावीशी वाटते.

आमच्याकडे साहेबांची नावे हाताखालच्यांच्या शोधाला चिकटतात, हा रिवाजच आहे. या वेळी मात्र उलटे झाले. त्या कवचवाल्या गाळणीच्या शोधपत्राच्या अर्जावर पहिले नाव माझे आहे. माझी सही झाल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. सही झाली की ती प्रत्येक तेलक्षेत्रात बसवली जाईल.

आज दुपारी जब्राईल मुअल्लिम तो अर्ज घेऊन इस्पितळात आले. तुकेझबान उशाशी बसली होती.

"तुमचं नाव पहिलं, माझं चौथं. आता तरी हसा, खानुम."

"चौथं का? बोटं तुटली की जाब पहिल्याला विचारतात म्हणून?"

"तुम्हीच शिकवायचात ना, उत्तम यंत्र म्हणजे जे उरतच नाही? मग माणसानंही थोडं विरघळावं."

"विरघळायचं होतं गाळणीनं, जब्राईल मुअल्लिम. तिला तुम्ही चिलखत घातलंत, आणि विरघळायला मला सांगताय?"

ते हसले आणि अर्ज तुकेझबानच्या हातात दिला. "मोठ्या बहिणीची समजूत घाला. देव न करो, पण वारसाची सहीसुद्धा चालते. आणि हो, फायिकला सलाम सांगा. पोरगा चांगलं काम करतोय माझ्याकडे."

ते गेल्यावर तुकेझबान म्हणाली, "बाजी, एक सही तर आहे. सगळं जग करतं."

"जगाला दहा बोटं आहेत. त्या माणसाला नाहीत."

"आणि फायिकला उद्या गोदामात बसवलं तर? मी काय खायला घालू घरात, तुझा नियम?"

तिने अर्ज पर्समध्ये ठेवला आणि डोळे पुसत गेली.

कलम ६. इथे मी आधी लिहिले होते की तुकेझबानने सही केल्यास बाग रिम्माला जावी. ते खोडले आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे, डॉक्टरांनी तशी नोंद करावी. ज्या माणसाला मी तोंडावर थांबवू शकले नाही, त्याला माझ्यामागे बहिणीने थांबवावे, नाहीतर अंजिराला मुकावे, हा कुठला न्याय? हेही कवचच. सगळा भार सर्वांत कमजोर सांध्यावर.

वर्गात मी अडलेल्या मुलांना म्हणत असे: हवे ते काम व्हायला हवे, पण ते करणारा भाग मध्ये नको, असे मांडून बघा. मांडून बघितले. नकार हवा, नकार देणारी बहीण नको. उत्तर इतके साधे निघाले की स्वतःचाच राग आला. सहीच्या अख्ख्या जागेवर मीच लिहायचे: "ही गाळणी माझी नाही. कवच काढा, मग सही मागा." मग वारसाला सही करायला जागाच उरत नाही, आणि फायिकच्या बायकोने काही केले असे कोणाला म्हणता येत नाही. बाग विनाअट तिचीच.

कलम ७. जब्राईल मुअल्लिमांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. डाळिंबे परिचारिकांना द्यावीत, फळांचा काही दोष नाही.

हे मृत्युपत्र माझे शेवटचे समजावे. उद्या शस्त्रक्रियेतून वाचले, तर मीच ते फाडीन आणि कलम ५ कारखान्याच्या फलकावर लावीन.

सही: मे. ते. साफारोवा

साक्षीदार: झिनाईदा पाव्लोव्ना क्रुग्लोवा, शेजारच्या खाटेवरील रुग्ण. (वाचून म्हणाल्या, "शाब्बास, पण अक्षर डॉक्टरांसारखं आहे.")

प्रमाणित करणार: डॉ. आगाबाला मिर्झोयेव, मुख्य वैद्य. खोडाखोड पाहिली.

स्थळ: हृदयविभाग, बाकू.

उद्या: भूल देण्याआधी तुकेझबानकडून अर्ज मागून घेणे.