युनशी करपू नये म्हणून

११ सप्टेंबर
आज युनशीच्या कॉलेजात पालकांची सभा. समुपदेशक बाई म्हणाल्या, ए लेव्हलच्या, म्हणजे बारावीच्या, मॅथ्सला मुलं अक्कल कमी पडून नाही, तर न थांबता घासून घासून करपून मार खातात. बर्नआउट. बाकीचे पालक घाबरले. मी नाही. वीस वर्षं सरकारी इमारतींच्या लिफ्टची देखभाल बघतोय. मोटर कशी जळते आणि जळू नये म्हणून काय करायचं, हे मला कोणी शिकवायला नको.

ठरलं. पोरीच्या रिव्हिजनची देखभाल आजपासून माझ्याकडे. तिला स्टॅटिस्टिक्सला जायचंय, त्याला मॅथ्समध्ये ए लागतो. बायकोला सांगितलं. लान म्हणाली, तिला विचारलंस का? आधी प्लॅन तर होऊ दे.

१५ सप्टेंबर
उद्या तिची प्रिलिम, म्हणजे कॉलेजची सराव परीक्षा. ती आंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर एक गणित करून पाहिलं. साइन तीसचं उत्तर अर्धा यायला हवं, हे भलतंच काहीतरी. बघतो तर यंत्र कोन रेडियनमध्ये मोजतंय! आमच्या वेळी सगळं डिग्रीत होतं आणि कुणाचं काही अडलं नाही. सेटिंग बदलून डिग्री केली, गुपचूप बॅगेत परत ठेवला. न सांगता केलेली मदत हीच खरी मदत.

२९ सप्टेंबर
प्रिलिममध्ये डी. मला धास्ती होतीच. करपली.

तिचं म्हणणं, कॅल्क्युलेटर रेडियनऐवजी डिग्रीवर होता, लक्षात आलं तोवर पेपर हातचा गेला होता. आणि तो तसा कोणी केला, एवढंच तिला कळायला हवंय. लानने माझ्याकडे बघितलं. मी फिशटँककडे बघितलं. थकलेलं डोकं असंच यंत्रांना दोष देतं. सभेत सांगितलं होतं. बहुतेक.

माझ्या रजेत ठरलेली पेनांगची सहल रद्द. ती सगळी रजा आता युनशीसाठी. लान तेव्हापासून बोलत नाहीये, त्यामुळे प्लॅनिंगला वेळ मिळतोय.

१९ ऑक्टोबर
रजेचा पहिला दिवस. ऑफिसातून शिवनेसन साहेबांनी फोनवर विचारलं, काय क्वेक, कुठे फिरायला? म्हटलं, मुलीची परीक्षा आहे. म्हणाले, परीक्षा तिची, मग रजा तुला कशाला? त्यांना मूलबाळ नाही. त्यांना काय कळणार.

भिंतीवर टाइमटेबल लावलं. दर पंचवीस मिनिटांनी सक्तीची विश्रांती, त्यासाठी मोडीत निघालेल्या लिफ्टची अलार्म बेल आणलीय. पहिली बेल झाली तेव्हा ती इंटिग्रेशनच्या मध्यावर होती. म्हणाली, पा, आत्ता नको ना, सुटत आलंय. म्हटलं, असंच म्हणता म्हणता मोटर जळते. उठवलं. दोघं खाली चक्कर मारून आलो. ती एक शब्द बोलली नाही. पूर्ण विश्रांती!

२२ ऑक्टोबर
युनशी म्हणते, घरी विश्रांती घेऊन घेऊन ती दमली आहे. मैत्रिणीबरोबर, नूरबरोबर, एअरपोर्टवर अभ्यासाला जाणार. सगळीच मुलं जातात तिथे. एसी फुकट, कोणी उठवत नाही. मी विरोध केला. लान म्हणाली, जाऊ दे तिला, नाहीतर एक दिवस तिथूनच विमानात बसेल.

हरकत नाही. नवा प्लॅन. व्हेक्टर मी स्वतः शिकायचे आणि गाळून फक्त सार तिला द्यायचं. निम्मा भार माझ्या खांद्यावर. माझं मॅथ्स एके काळी उत्तम होतं. लान म्हणते, दुसऱ्या वेळी पास झाला होतास. पाया दोनदा घातलेला बरा.

२५ ऑक्टोबर
दोन प्लेनमधला, म्हणजे प्रतलांमधला, कोन. ती तिकडे विमानांमध्ये निवांत, मी इकडे प्लेनमध्ये अडकलोय. पुस्तकाच्या मागचं उत्तर चुकीचं छापलंय, माझी खात्री आहे. चार वेळा करून पाहिलं, चार वेगळी उत्तरं आली, त्यातलं एकही त्यांचं नाही.

तिच्या डोक्याला ताकद म्हणून चिकन एसेन्सच्या, म्हणजे कोंबडीच्या अर्काच्या, बाटल्या आणल्या होत्या. तिला वासानेच मळमळतं. वाया कशाला घालवा. मी पितोय.

२८ ऑक्टोबर
सूप घेऊन एअरपोर्टवर गेलो. तपासणी असं नाही, सहज. खांबाआडून पाहिलं. दोघी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवतात, एकमेकींचा तपासतात, चुकलेली गणितं तेवढी पुन्हा करतात. मग बटाट्याच्या काड्या खात खिदळतात. मग युनशी टेबलावर डोकं टेकून चक्क झोपली. बेल नाही, टाइमटेबल नाही, काही नाही.

नूरने मला पाहिलंच. म्हणाली, अंकल, तुमचं फ्लाइट कितीला? मी म्हटलं, एकाला घ्यायला आलोय. युनशी डोळे चोळत उठली, म्हणाली, पा, सूप ठेव आणि जा.

चेहरा मात्र टवटवीत होता तिचा. टाइमटेबलचा गुण दिसायला लागलाय.

२ नोव्हेंबर
झोप नाही. डावी पापणी सारखी उडते. सकाळी कॉफीवाल्याने साखर जास्त घातली म्हणून त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारचा म्हातारा आपला कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. अशी चूक पुन्हा होण्याची शक्यता किती, हे रुमालावर मांडत बसलो. एकापेक्षा जास्त आली.

दुपारी घरात कोणी नसताना बेल वाजवली. माझ्यासाठीच. संध्याकाळी लानने बेल लपवली.

४ नोव्हेंबर
लानने ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, कामाचा ताण आहे का? म्हटलं, परीक्षा आलीय. कसली, या वयात? म्हटलं, ए लेव्हल मॅथ्स. मुलीची. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग लानकडे बघितलं.

निदान: बर्नआउट. तीन दिवस गोळी घेऊन झोपायचं, गणित अजिबात नाही. आजारपणाच्या रजेची चिठ्ठीही दिली. आधीच रजेवर असलेल्या माणसाला! डॉक्टर नवीन दिसते.

७ नोव्हेंबर
झोपलो होतो. हे तीन दिवस फुकट गेले. ऐन मोक्याच्या वेळी पोरीला वाऱ्यावर सोडलं, याचं फार वाईट वाटतंय.

१३ नोव्हेंबर
मॅथ्सचे दोन्ही पेपर झाले. युनशी दारातच म्हणाली, जमलं, पा. सगळं सोडवलं, वर वेळ उरला. माझे डोळे भरून आले. कांद्यावर ढकललं. घरात कांदा नव्हता.

जेवताना राहवेना. विचारलं, पाची मदत झाली ना? तिने चमचा खाली ठेवून नीट विचार केला. खोटं बोलायची सवय नाही तिला, माझ्यावर गेलीय. म्हणाली, झाली ना, खूप झाली. तू ते तीन दिवस झोपला होतास ना, तेव्हा घर इतकं शांत होतं की मी एअरपोर्टवर गेलेच नाही. सगळी प्रॉबेबिलिटी तेव्हाच झाली माझी.

लानला ठसका लागला. खरं सांगायचं तर लागलं. युनशीने माझ्या वाटीत माशाचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, खा पा, किती वाळलायस.

खाल्ला. निकाल फेब्रुवारीत. ए आला, तर त्यातले ते तीन दिवस माझे.