आत्याचे इंग्रजी अलंकार

३ फेब्रुवारी

आज निघणारच होते! पिशवीही भरली होती. पण आत्या म्हणाली, "भिंगरे, माझ्या तोंडी परीक्षेपर्यंत तरी थांब. प्रश्न विचारायला कुणीतरी हवं." मी? दोन कॉलेजं अर्धवट सोडलेली? "म्हणूनच. ज्यांना येतं ती माणसं अंगावर येतात."

पास झाली तर वर्षभराचं शिक्षिकेचं ट्रेनिंग – दूर, वसतिगृहात राहून. पंचेचाळिशीची बाई! सलूनमध्ये लोकांचे केस कापता कापता इंग्रजीची लेखी परीक्षा पास झालीय. मागच्या खेपेला तोंडीला मात्र दातखीळ बसली होती.

५ फेब्रुवारी

पुस्तक उघडलं. सिमिली, मेटाफर, आयर्नी, ऑक्सिमोरॉन. शेवटचं तर खोकल्याचं औषध वाटतं! तेवढ्यात खिडकीतून एक माणूस भलीमोठी शिडी नेताना दिसला. एवढी शिडी कशाला, म्हणून मागे गेले. परत आले तेव्हा आत्या एकटीच पुटपुटत बसली होती.

मला बघून पुस्तक मिटलं आणि भाकरी थापायला उठली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

९ फेब्रुवारी

नवा नियम – खुर्चीत बसेल त्याने एक उदाहरण द्यायचं. मी केस धुता धुता अलंकार समजावते, आत्या कापता कापता तपासते.

शिंपीणबाई : "माझा नवरा उंटासारखा आहे." आत्या म्हणाली, "ही सिमिली. 'सारखा' काढा." "काढला. उंटच आहे मेला!" झालं मेटाफर.

बेकरीवालीला ऑक्सिमोरॉन सांगितलं – दोन उलटे शब्द शेजारी-शेजारी. क्षणात म्हणाली, "शांत सासू." सासू शेजारच्याच खुर्चीत, डोक्याला टॉवेल! "ऐकू येतंय हो मला."

बँकेतले निवृत्त साहेब आले. आत्या नेहमीसारखी म्हणाली, "कपाळाला जरा मोकळी हवा मिळतेय, साहेब." मी ओरडले, "युफेमिझम! बोचरं ते गोड करून सांगणं!" साहेब म्हणाले, "टक्कल म्हणा की. मी काही रडत नाही."

१२ फेब्रुवारी

विचित्रच प्रकार. दुकानात कात्री हातात असली की आत्या धडाधड उत्तरं देते, तीही इंग्रजीत. घरी टेबलाशी समोर बसवून तेच विचारलं – मूक! मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. "हात रिकामे असले की डोकंही रिकामं होतं गं."

परीक्षेला कात्री कशी नेणार?

१५ फेब्रुवारी

झाली परीक्षा! मी बाहेर बाकावर. बसवेना. जिना चढले, उतरले, शिपायाशी त्याच्या कबुतरांबद्दल बोलले.

बाहेर आली ती हसत. म्हणे, पहिल्या प्रश्नाला गप्पच. मग दोन बोटं आपोआप हवेत चालायला लागली. परीक्षक बाई म्हणाल्या, "हे काय करताय?" "केस कापतेय." "कुणाचे?" "तुमचे. डावी बाजू लांब राहिलीय."

बाई पोट धरून हसल्या. मग आयर्नीचं – नशिबाच्या उलट्या थट्टेचं – उदाहरण मागितलं. आत्या म्हणाली, "अख्ख्या गावाचे केस मी कापते. माझे कापायला गावात कुणी नाही."

माझी गुणाची आत्या!

२१ फेब्रुवारी

पास! शिंपीणबाईंनी तिला उचललंच.

आणि संध्याकाळी आत्या म्हणते, "जाणार नाही मी. वर्षभर कुलूप लावलं तर गिऱ्हाईक राहील का? परत आल्यावर खाऊ काय?" मी म्हटलं, नोकरी लागेल की. "आणि नाही लागली तर?"

चपला अडकवल्या. बाहेर पडले. स्टेशनावर जाऊन गाड्यांची नावं वाचत उभी राहिले. कितीतरी गावं अजून बघायचीत.

२२ फेब्रुवारी

आज आत्याची कात्री मी घेतली आणि सकाळभर शिंपीणबाईंच्या केसांची टोकं छाटली. आत्या नुसती बघत होती. सरळ आली – बऱ्यापैकी. बाई आरशात वळून वळून बघून म्हणाल्या, "पोरीचा हात बरा आहे हो." मग आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतेस काय? कुलूप नाही लागणार. बॅग भर."

२ मार्च

आत्याला गाडीत बसवून आले. आजवर खिडकीतून हात हलवणारी मीच असायचे. आज फलाटावर उभी राहून हलवला.