अशी पोरगी इथं न्हाई

प्रिय माय,

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तू शेजारच्या पारूकाकूच्या सुनेकडून वाचून घ्यायचीस. हे पत्र तर आता कुणी वाचून दाखवणारही नाही. तरी लिहिते आहे, कारण परवा तुझ्या जलदान विधीनंतर काकूनं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे.

पातेली घासता घासता ती सहज बोलून गेली. "तुही माय लई धीट व्हती, सुमे. तुह्या चौकशीला धावड्याच्या चौकीवरनं जमादार आल्ता, तवा त्याला तोंडावर म्हनली, अशी पोरगी इथं न्हाई. आन् दार लावून घेतलं."

"कधी?" मी विचारलं.

"आगं, तू पयल्यांदा भरतीला गेल्ती तवा."

माय, ती पोलीस भरती मला अजून आठवते. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. औरंगाबादच्या मैदानावर मैत्रिणीचे कॅनव्हासचे बूट घालून मी धावले आणि निवडले गेले. निवड झाली की उमेदवाराच्या गावी चौकशीला माणूस येतो. पोरगी इथलीच आहे ना, चालचलन कसं आहे, हे विचारून जातो. माझ्यासोबतच्या मुलींना हुकूम आले, मला आला नाही. खेटे घातल्यावर एक कारकून कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "गावातूनच अहवाल बराबर आला न्हाई, बाई."

गावातून कुणी घात केला? आधी मला पोलीस पाटलाचा संशय आला, मग शाळेच्या गुरुजींचा. शेवटी तो थांबला माझ्या चुलतभावावर, भीमावर. तो माझ्याबरोबरच भरतीला आला होता आणि अर्ध्या इंचानं उंचीत बाद झाला होता. जमादाराला आपल्या वस्तीच्या तोंडाशी आणून सोडलं तेही भीमानंच. चार जणांनी पाहिलं होतं. आणखी काय पुरावा हवा होता?

पुढच्या वर्षी मी पुन्हा धावले. चौकशीच्या दिवसांत घर सोडलं नाही, आणि पोलीस झाले. पण भीमाशी बोलले नाही. बावीस वर्षं. जयंतीच्या मिरवणुकीत मी बंदोबस्ताला उभी असायचे, तो पाण्याचा पेला घेऊन समोर यायचा, आणि मी म्हणायचे, तहान नाही. त्याच्या लेकीच्या लग्नाला आहेर पाठवला, गेले नाही.

आणि तू हे सगळं बघत होतीस. कसं बघवलं तुला?

एकदाच म्हणाली होतीस, "भीमा तसा न्हाई गं." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" तू चुलीत फुंकर घालत बसलीस. त्या वेळी बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

नोकरीनं एक सवय लावली आहे. काही झालं की आधी हेतू शोधायचा. दोन दिवस मी तुझा हेतू शोधत होते. भोकरदनच्या मास्तराचं स्थळ तुला आवडलं होतं, हे मला ठाऊक होतं. पोलिसात गेलेली पोरगी कोण करून घेणार, असं तू पुढं मावशीला म्हणालेलंही मी ऐकलं होतं. म्हणजे तू जाणूनबुजून माझी वाट अडवलीस? काल सकाळपर्यंत मला तसंच वाटत होतं.

मग मी स्वतःला विचारलं, भरतीबद्दल तुला तेव्हा नेमकं काय माहीत होतं? काहीच नाही. मी औरंगाबादला नर्सिंगच्या मुलाखतीला जाते म्हणून सांगितलं होतं. तू अडवशील असा मला संशय होता, म्हणून फॉर्म भरल्याचं लपवलं होतं.

तुला ठाऊक होतं ते वेगळंच. मी सहा-सात वर्षांची असताना गावात कुणाची बैलजोडी चोरीला गेली आणि शिपाई नेहमीसारखे आधी आपल्या वस्तीत आले. मामाचं नाव घेऊन विचारलं. तू सरळ सांगितलंस, "हाय की, घरात निजलाय." पाच दिवसांनी मामा परत आला. बैल नंतर मालकाच्या पाहुण्याकडेच सापडले, पण मामाचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही.

अशा घराच्या दारात खाकीतला माणूस येऊन विचारतो, सुमन इथंच राहते का? तू आणखी काय सांगणार होतीस?

पण नंतर तर सांगायचंस, माय. मी काकूला परवाच हे विचारलं होतं. तिनं पातेल्यावर राख टाकली. "म्या लई डाव म्हनलं तिला, सांगून टाक पोरीला. तर म्हनली, पारू, आता ती बी पोलीसच झाली की."

"हसून म्हणाली का?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातं व्हय?"

खाकी साडीत घरी आले की तू मला पाहुण्यांच्या तांब्यातून पाणी द्यायचीस. मी सहज विचारलं, दादा कुठं गेलाय, तर म्हणायचीस, "कशाला पायजे?" मी ते सगळ्यांना हसत सांगायचे. तू मला घाबरत होतीस का? मला तुझं उत्तर हवं होतं, आणि ते देणारं आता कुणी नाही.

भीमा मात्र आहे. जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. येत्या रविवारी मी त्याच्या घरी जाणार आहे. फॉर्म लपवल्यापासून सुरुवात करीन, आणि तू जमादाराला काय म्हणालीस तेही सांगीन. मामाचा हात त्यानंही पाहिला आहे, तुला तो समजून घेईल. मला घेईल की नाही, सांगता येत नाही.

तुला एवढाच शब्द देते: त्याला जे बोलायचं असेल ते बोलू देईन, आणि तो बोलत असताना एकही प्रश्न विचारणार नाही.

तुझी,
सुमन